छपन्न लाखांचा रोखा

१७५८ साल म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अटक उभी राहते. २० एप्रिलला राघोबादादांच्या फौजा लाहोरात शिरल्या, तिथून सिंधूपर्यंत पोचल्या, आणि आमच्या सातारच्या शाळेत मास्तर तो धडा शिकवताना नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात वाचायचे. लाहोरची बातमी पुण्याला पोचायच्या आत, २८ एप्रिलला, पुदुच्चेरीच्या किनाऱ्यावर एक फ्रेंच सेनापती उतरला. पुढे तीन महिन्यांच्या आत तो तोफा घेऊन दुसऱ्या एका भोसले राजाच्या वेशीवर आला. त्या वर्षाचा हा दक्षिणेकडचा अर्धा भाग मला मामांनी दिला. मामा माझे मामा नव्हेत. तंजावरात आपल्यापेक्षा वडील अशा कुठल्याही गृहस्थाला मामा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मामी. पण त्या घरानं ही हाक माझ्या बाबतीत अक्षरशः खरी केली.

ऐंशीच्या दशकात बँकेनं माझी बदली तंजावरला केली. पश्चिम राजवीधीजवळच्या एका जुन्या घरात मला खोली मिळाली. दोन चौकांचं घर, पुढे तिण्णै म्हणजे आपली ओसरी, आत कडीचा झोपाळा. मालक निवृत्त शिक्षक. आयुष्यभर तमिळ माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवलेला. घरात मात्र मराठी. त्यांचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग इकडे आले, म्हणजे तीनशे वर्षं झाली. त्या मराठीला तमिळचा हेल होता, कित्येक शब्द आपल्याकडे केव्हाच मागे पडलेले होते. ती हुबेहूब कागदावर उतरवणं मला जमणार नाही, म्हणून मामांचं बोलणं इथे माझ्या मराठीत लिहितो आहे.

मी तिथे रुळतो न रुळतो तोच मला कावीळ झाली. एकटा जीव, हॉटेलचं खाणं, ओळखीचं कुणी नाही. घरी तार करायला निघालो तर मामींनी दारात अडवलं. “आईला एवढ्या लांबून कशाला ओढता? आम्ही आहोत की.” त्या दिवसापासून माझं अंथरूण माझ्या खोलीतून त्यांच्या आतल्या चौकाशेजारच्या खोलीत गेलं. रोज सकाळी मामी परसातून कीळानेल्ली उपटून आणायच्या. ही म्हणजे आपली भुईआवळी. ती मुळासकट धुऊन, पाट्यावर वाटून, ताकात कालवून वाटीभर द्यायच्या आणि ती संपेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. दुपारी मऊ भात, संध्याकाळी पेज. डॉक्टरांनी तिखट-तेल बंद केलेलं, म्हणून घरातल्या कुणाच्याच ताटात फोडणी पडायची नाही. पुढे पथ्य सुटलं त्या दिवशी त्यांनी डांगर पच्चडी केली: उडदाची डाळ भाजून दळलेलं पीठ, घट्ट ताक, वर मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची चुरचुरीत फोडणी. माझी आजी डांगर करायची ते हेच. तो घास तोंडात गेल्यावर मला रडू आलं, आणि मामी स्वयंपाकघरात निघून गेल्या.

आजारात वाचायलाही शक्ती नसायची. मामा संध्याकाळी उशाशी खुर्ची ओढून बसायचे आणि गोष्ट सांगायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “१७५८ मध्ये तुमच्याकडे काय झालं?” मी म्हटलं, अटक. “बरोबर. आता आमच्याकडे काय झालं ते ऐका.”

गोष्ट एका कर्जरोख्यापासून सुरू होते. १७४९ च्या अखेरीला कर्नाटकच्या नवाबीचा दावेदार चंदासाहेब आणि निजामाच्या गादीचा दावेदार मुजफ्फरजंग फ्रेंच पलटणी घेऊन तंजावरवर आले आणि खंडणी मागू लागले. गादीवर प्रतापसिंह होता. लढून निभाव लागणार नाही हे त्याला दिसत होतं, म्हणून त्यानं वेळ काढला. एक दिवस सोन्याचांदीची भांडी पाठवली. ती तोलून किंमत ठरवण्यात दिवस गेला. मग चलनातून गेलेली जुनी नाणी पाठवली. प्रत्येकाचा कस पाहा, बट्टा ठरवा. मग जडजवाहीर, त्यावर तर घासाघीस संपेचना. एवढ्यात त्यांचा प्रतिस्पर्धी नासिरजंग याची प्रचंड फौज कर्नाटकाकडे येत असल्याची खबर आली आणि वेढा उठला. मामांना हा भाग फार आवडायचा. ते हातात काल्पनिक तराजू धरून ती नाणी तोलून दाखवायचे. “तलवार सगळ्यांनाच दिसते,” ते म्हणायचे. “तराजूनं राज्य वाचवलेलं कुणी पुस्तकात लिहीत नाही.”

वेढा उठला, पण राजानं कबूल केलेल्या रकमेपैकी ५६ लाखांचा रोखा मागे राहिला आणि तो पुदुच्चेरीच्या तिजोरीत जाऊन पडला. नऊ वर्षं कुणी तो बाहेर काढला नाही.

१७५८ मध्ये काढला तो एप्रिलात उतरलेल्या त्या फ्रेंच सेनापतीनं, लालीनं. तोमा आर्तूर, काउंट द लाली. बाप आयर्लंडहून परागंदा झालेला, मुलगा फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत वाढलेला, १७४५ च्या फाँतन्वाच्या लढाईत नाव कमावलेला. युरोपात सप्तवार्षिक युद्ध पेटलं होतं. पंधराव्या लुईनं इंग्रजांना हिंदुस्थानातून उखडून काढायला त्याला पाठवलं. आल्या आल्या त्यानं कडलूरजवळचा इंग्रजांचा सेंट डेव्हिडचा किल्ला घेतला, २ जूनला. पुढचं पाऊल मद्रास. पण पगाराला पैसा नव्हता. पुदुच्चेरीचे सल्लागार तिजोरी रिकामी असल्याचं सांगत होते. तेव्हा तो जुना रोखा त्याच्या हाती आला. सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात त्याला आणखी एक मोहरा सापडला. तंजावरच्या पदच्युत राजाच्या बाजूचा घाटगे नावाचा एक सरदार तिथे प्रतापसिंहाच्या सोयीसाठी इंग्रजांनी कैदेत ठेवला होता. लालीनं त्याला बाहेर काढून थाटात बरोबर घेतलं, म्हणजे प्रतापसिंहाला आपल्या गादीचं भय पडावं.

मग ते सैन्य किनाऱ्यानं खाली उतरलं. नागूर लुटलं. त्या नागूरच्या दर्ग्याला प्रतापसिंहानंच १३१ फुटांचा मिनार बांधून दिला होता. तिथून कीवळूर, तिथून तिरुवारूर. कीवळूरच्या शिवमंदिरात खजिना दडवला आहे असं लालीला कुणी सांगितलं होतं. त्यानं जमीन खणली, तळी उपसली, मूर्ती उचलल्या; त्या पितळेच्या निघाल्या. देवळातले ब्राह्मण छावणीभोवती दिसले म्हणून हेर ठरवून त्यांतल्या सहा जणांना तोफांच्या तोंडी दिलं. हा प्रसंग इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं नोंदवला आहे.

मी बरा झाल्यावर मामा मला बसनं कीवळूरला घेऊन गेले. देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर त्यांनी पंचा खांद्यावर टाकला, जानवं उजवीकडे घेतलं, डबीतले काळे तीळ तळहातावर घेतले आणि पाणी सोडलं. मी विचारलं, कुणासाठी. म्हणाले, “त्या सहांसाठी. नावं ठाऊक नाहीत, गोत्रं ठाऊक नाहीत. ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठीही तर्पणात जागा असते. दर वर्षी येतो.” तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायका एकीकडे सरकल्या होत्या. मामांच्या बोटांना तीळ चिकटले होते, ते त्यांनी पुन्हा पाण्यात हात बुडवून सोडवले. इतिहासाचा शिक्षक कसा असावा हे मला त्या पायरीवर दिसलं. दोन शतकांपूर्वी मेलेल्या, सरकारदरबारी कुठेही नाव नसलेल्या माणसांचं देणं आपल्यावर आहे असं तो मानतो.

१८ जुलैच्या सुमाराला लाली तंजावरपाशी पोचला. तो आडी महिना. या महिन्यात कावेरी भरून येते, शाखांतून आणि कालव्यांतून पाणी धावतं, लोक काठावर जाऊन नदीला ओवाळतात. त्या पाणथळ मुलखात लालीच्या गाड्यांना बैल मिळेनात, कारण गावकऱ्यांनी गुरं हाकून नेली होती. तांदळाच्या कोठारात उभं राहून त्याचं सैन्य उपाशी राहिलं. तंजावरचा सेनापती मानोजी जगताप याचे स्वार रसद तोडत होते. आणि किल्ल्यात प्रतापसिंह पुन्हा बोलणी लावत होता: थोडे लाख देतो, आणखी थोडे देतो, वकील पाठवा, ओलीस पाठवा. चिडलेल्या लालीनं निरोप धाडला की तुला आणि तुझ्या सगळ्या कुटुंबाला गुलाम करून मॉरिशसला पाठवीन. मामा म्हणायचे, इथे लालीनं बाजी घालवली. तोवर राजा पैशांचा विचार करत होता; त्या निरोपानंतर सगळं शहर लढायला उभं राहिलं. प्रतापसिंहानं त्रिचनापल्लीला कॅप्टन कॅलॉडकडे मदत मागितली आणि तिथून शिपाई आले.

२ ऑगस्टला फ्रेंच मोर्चे धडधडू लागले. तटाला खिंडार पडलं, पण हल्ला करण्याइतकं रुंद होण्याआधीच बातमी आली की ३ तारखेला नागपट्टणमजवळ समुद्रात इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची झुंज झाली, फ्रेंच जहाजं हटली आणि इंग्रज कारैकालसमोर उभे आहेत. ऑर्म लिहितो की त्या वेळी छावणीत तोफांना जेमतेम दीडशे बारांची दारू उरली होती, शिपायामागे वीस काडतुसंसुद्धा नव्हती आणि दोन दिवसांचंही अन्न नव्हतं. वेढा उठवायचं ठरलं. त्यातच एका पहाटे तंजावरचे पन्नासेक स्वार चाकरीला आल्याचं सांगत छावणीत शिरले. त्यांचा जमादार थेट लालीपर्यंत गेला आणि त्यानं तलवार चालवली. लालीनं हातातल्या काठीवर वार झेलला, नोकरानं जमादाराला गोळी घातली. बाकीचे स्वार छावणीभर लढत मेले. १० ऑगस्टला लाली कारैकालच्या वाटेला लागला. तहानलेलं, उपाशी, मागून सतत हल्ले होत असलेलं सैन्य. ५६ लाखांचा रोखा त्याच्याबरोबर तसाच परत गेला.

पुण्याहून या लढाईला कुणी आलं नाही. येण्याजोगं अंतरही नव्हतं. पेशव्यांची नजर उत्तरेवर होती. तरी मला आजही खुपतं की आपल्या शाळेच्या पुस्तकात त्या वर्षाला सिंधू आहे आणि कावेरी नाही. अटकेवर गेलेला अंमल फार काळ टिकला नाही. इथे मात्र त्या लढाईनंतर प्रतापसिंह १७६३ पर्यंत राज्य करत राहिला. त्याच्या नावावर मराठी नाटकं आहेत. त्याच्याच दरबारात मुद्दुपळनीनं तेलुगूत ‘राधिकासांत्वनम्’ रचलं. हे सगळं ज्या राज्यात झालं ते एका ऑगस्टात बुडू शकलं असतं, आणि ते वाचलं याचा आनंद महाराष्ट्रात कुणी केला नाही.

माझा मामांशी एकदा वाद झाला. मी म्हटलं, शेवटी तंजावर इंग्रजांनी वाचवलं. मामा शांतपणे म्हणाले, “त्याची किंमत मोजली ना. १७७३ मध्ये त्याच इंग्रजांनी अर्काटच्या नवाबासाठी तंजावर घेतलं आणि प्रतापसिंहाचा मुलगा तुळजाराजा याला कैदेत टाकलं. १७७६ मध्ये परत दिलं. १७९९ मध्ये कायमचं घेतलं. लालीनं काठीच्या जोरावर मागितलं ते मिळालं नाही. ज्यांनी मदत म्हणून हात दिला त्यांना सगळं मिळालं.” यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि आजही मला तो निवाडा बरोबर वाटतो.

लालीचा तिरस्कार मात्र त्यांनी मला करू दिला नाही. ज्या माणसानं त्यांच्या देवळांच्या मूर्ती उचलल्या त्याच्याविषयी मामा कळवळून बोलायचे. १७६० च्या जानेवारीत वांदिवाशला लालीचा पराभव झाला. पुढच्या जानेवारीत पुदुच्चेरी पडली. तो कैदी म्हणून इंग्लंडला गेला. आपल्यावर पॅरिसमध्ये आरोप होताहेत असं कळल्यावर आपणहून मायदेशी परतला. राजाच्या हिताशी द्रोह केल्याचा ठपका ठेवून ९ मे १७६६ ला पॅरिसच्या चौकात त्याचं डोकं उडवलं. व्हॉल्तेअरनं त्याच्यासाठी लेखणी झिजवली, आणि १७७८ च्या मे महिन्यात, मरणाला काही दिवस उरले असताना, ती शिक्षा रद्द झाल्याचं त्याच्या कानावर आलं. त्यानं लालीच्या मुलाला पत्र लिहिलं. त्याचं ते शेवटचं पत्र ठरलं. मामा म्हणायचे, “राजा फौज पाठवतो आणि पगार पाठवत नाही, तेव्हा सेनापती देवळं खणतो. त्या सहा ब्राह्मणांचा हिशेब पॅरिसच्या दरबाराकडेही मागायला हवा. तो मागण्याऐवजी दरबारानं लालीचंच डोकं घेतलं.” इतकी मोठी न्यायबुद्धी मी फार थोड्या माणसांत पाहिली.

हे सगळं मामांनी कुठून आणलं होतं? सरस्वती महालातून. सर्फोजीराजांनी वाढवलेल्या त्या ग्रंथालयात ते तरुणपणापासून जात होते. तिथेच मला त्यांनी शार्ल ल ब्रँची चित्रं दाखवली: माणसाचा चेहरा आणि शेजारी त्याच्यासारखा दिसणारा घुबडाचा, सिंहाचा, बैलाचा चेहरा. चौदाव्या लुईच्या दरबारी चित्रकाराच्या कामाच्या प्रती तंजावरच्या मराठा राजानं जपून ठेवल्या. ज्या देशाच्या तोफांनी आजोबांच्या काळात तट फोडला, त्या देशाची कला त्यानं घरी आणली. याचं मामांना कौतुक होतं, आणि ते मला सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा.

दुसरा साठा घरातच होता, आणि तो मोडीत. मी अंथरुणावर उठून बसू लागलो तसा मामांनी मला मोडी शिकवायला घेतली. पहिला धडा अक्षराचा नव्हताच. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची, सरळ, हात न थांबवता. अक्षरं मागाहून तिच्याखाली लिहायची. रेघ वाकडी आली की कागद उलटा करून दुसरी. मग त्यांच्या पणजोबांच्या हातची घरखर्चाची वही पुढ्यात आली: तांदूळ, तूप, देवाला तेल, पाहुण्याला धोतर. मी अडखळत एक ओळ लावली की मामा मामींना हाक मारायचे, “अगं ऐक, वाचलं यांनी!” आणि मामी हात पुसत येऊन ती तुपाची ओळ पुन्हा वाचून घ्यायच्या. मोठ्या देवळाच्या प्राकारात, नैर्ऋत्येच्या बाजूला, सर्फोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास दगडावर कोरवून घेतला आहे. मराठी भाषा, देवनागरी अक्षर, चिटणीस बाबूरावाची रचना. मोडीत सराव झाल्यावर मामांनी मला त्या भिंतीपुढे उभं केलं आणि बोट ठेवून प्रतापसिंहाच्या कारकिर्दीपाशी नेलं. देऊळ चोळांचं, राजा भोसले, वाचणारा सातारचा, वाचायला शिकवणारा तंजावरचा. शेजारून जाणाऱ्या तमिळ शाळेच्या पोरांना मामा त्याच दमात तमिळमधून तो मजकूर सांगत होते.

माझी बदली झाली तेव्हा मी आजारपणातल्या महिन्यांचं भाडं, औषधाचा खर्च असं सगळं पाकिटात घालून मामांपुढे ठेवलं. त्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. “मामीचं ताक तुम्ही तोलणार कशात?” मग थोड्या वेळानं म्हणाले, “द्यायचंच असेल तर कुणाला तरी मोडी शिकवा. आमच्या मुलांना वेळ झाला नाही.” त्यांचे मुलगे परदेशी होते, चांगले होते, दर आठवड्याला फोन करायचे. मामांनी तक्रार म्हणून ते सांगितलं नव्हतं.

दोघंही आता नाहीत. मामी आधी गेल्या. मामांच्या पश्चात त्यांच्या मुलानं माझ्या नावानं एक टपाल पाठवलं. त्यात मामांच्या वह्या होत्या: ऑर्मचे उतारे मराठीत करून मोडीत लिहिलेले, समासात तारखांचा मेळ, कीवळूरच्या पानावर काळ्या तिळाचे डाग. कारैकालच्या बसचं एक तिकीटही होतं. तिथे आम्ही बरोबर गेलो होतो. १७३९ मध्ये तंजावरकडून फ्रेंचांना मिळालेलं आणि १९५४ पर्यंत त्यांच्याकडे राहिलेलं ते बंदर पाहून मामा म्हणाले होते, “लाली इथून निघाला आणि इथेच परत आला. मधे आम्ही होतो.”

माझ्या आजारपणाचं देणं मी फेडू शकत नाही आणि फेडायची इच्छाही नाही. त्या घराचा ऋणको राहण्यात मला सुख आहे. पण मोडीचं देणं फेडता येतं, आणि ते माझ्या एकट्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. तंजावरच्या मराठा दरबाराचे मोडी कागद सरस्वती महालात रुमालांनी बांधलेले आहेत. तिथल्या तमिळ विद्यापीठानं त्यांतल्या काही कागदांचे तमिळ अनुवाद खंडांनी छापले. आपल्या पूर्वजांच्या हिशेबांसाठी तमिळ विद्वानांनी डोळे शिणवले, हे ऋणही आपल्याच खात्यावर आहे. अजून पुष्कळ कागद वाचायचे आहेत. निवृत्तीनंतर मी दर रविवारी सकाळी घरी मोडी शिकवतो, फी घेत नाही. ज्याला येत असेल त्यानं तंजावरला जावं, ज्याला येत नसेल त्यानं जवळच्या कुठल्याही वर्गात बसावं. एक कोरा कागद आणि सरळ रेघ ओढण्याची तयारी एवढंच बरोबर आणा.